सीएफएचा अभ्यास आणि स्वयंपाकघरातलं कालनिर्णय: सहा महिन्यांचा अनुभव

मी बुटीबोरी एमआयडीसीत एका कंपनीच्या अकाउंट्सला आहे. पावणेआठला स्टाफ बस, घरी यायला साडेसात. फेब्रुवारीत ठरवलं, ऑगस्टला सीएफए (गुंतवणूक क्षेत्रातली परीक्षा) लेव्हल वन द्यायची. साधारण 300 तास लागतात असं सीएफए इन्स्टिट्यूटच सांगतं. सहा महिने, म्हणजे महिन्याला 50. होईल की!

आधी पैसे भरून एक प्लॅनर अॅप घेतलं. त्यानं रोजचे तास सारखे वाटून दिले. त्याला काय माहीत, सातला टीडीएस भरायचा असतो, अकराला जीएसटीआर-वन, वीसला थ्री-बी ही जीएसटीची रिटर्न्स! मार्चअखेर तर विचारूच नका. अॅप रोज लाल होत गेलं. एप्रिलमध्ये काढून टाकलं.

मग आईला विचारून भिंतीवरचं कालनिर्णय घेतलं. आधी रिटर्नच्या तारखांवर फुल्या, मग घरातली लग्नं, उरलेल्या चौकटींत तास. 12 ते 18 आणि 21 नंतरचे दिवस माझे. या दोन पट्ट्यांतच महिन्याचा बहुतेक अभ्यास उरकतो, हे मला आधी दिसलंच नव्हतं.

मे महिन्यात रात्रीचा अभ्यास बंद. कूलरसमोर बसलं की फॉर्म्युल्यांचे कागद उडतात, बाजूला सरकलं की घामानं चिकटतात. पहाटे पाचला गच्चीवर जायला लागलो.

बसमधला तास मात्र मी उगाच पूर्ण धरत होतो. एथिक्स वाचायला बस ठीक आहे (पेपरात 15 ते 20 टक्के तेच आहे), पण गणितं टेबलावरच. बसमध्ये बीए टू प्लस कॅल्क्युलेटरची बटणं चुकीची दाबली गेली आणि तो बीजीएन मोडमध्येच (हप्ता वर्षअखेरऐवजी वर्षाच्या सुरुवातीला धरणारा) राहिला. दरवर्षी 10,000, पाच वर्षं, 10 टक्के, आजची किंमत किती: उत्तर 37,908 हवं, माझं 41,699. आणि तो आकडा पर्यायांत छापलेला! तीन पर्यायांत एक असा सापळा असतोच म्हणा. सराव परीक्षेतले चार प्रश्न असेच गेले, तेव्हा कुठे स्क्रीनवरची ती बारीक अक्षरं दिसली.

कालनिर्णयाबद्दल तक्रार एकच, चौकट लहान आहे आणि दुधाचा हिशेबही तिथेच असतो. जूनची बेरीज करताना दर दोन-तीन दिवसांनी 'दीड' दिसत होतं. मी खूश. आई म्हणाली, "अरे, ते दुधाचं होय नं बाप्पा!"