तर्री-पोहे एक नंबर, १ मेला मात्र बंद
नागपूरच्या कॉटन मार्केटजवळच्या या ठेल्यावर जायचं ते तर्रीसाठी. काळ्या चण्यांचा रस्सा, वर लाल तवंग. पोहे इतके मोकळे की तर्री ओतली तरी लगदा होत नाही. वरून चिवडा अन् कच्चा कांदा. चहा फार गोड.

१ मेला, कामगार दिनी, बंद म्हणून काहींनी एकच स्टार दिलाय, ते मला अजिबात पटलं नाही. भांडी घासणाऱ्या मावशींसकट सगळ्यांना त्या दिवशी भरपगारी सुट्टी असते. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडेंनी लढून १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. एम्प्रेस मिलसारखी कापड गिरणी चाललेल्या या शहरात ती जाण ठेवणाऱ्या ठेलेवाल्या भाऊंना माझे पाच स्टार. २ मेला जा, पण लवकर, तर्री संपते.