मुल्की की वर्कला?

सर्फिंगचा चार दिवसांचा कोर्स झालेला असतो, बोर्डवर कसंबसं उभं राहता येतं, आणि मग डोक्यात किडा शिरतो की आता महिनाभर कुठेतरी राहून हात बसवावा. आपल्याकडून कोकण रेल्वेनेच गाठता येतील अशी दोन गावं मग समोर येतात, कर्नाटकातलं मुल्की आणि केरळातलं वर्कला. मी मुल्कीत बारा दिवस काढलेत आणि वर्कल्यात तीन आठवडे. पुढचं सगळं तेवढ्याच भांडवलावर लिहितोय. शिवाय माझे गुडघे बेचाळीस वर्षांचे आहेत, तेही हिशेबात धरा.

लाटेबद्दल आधी खरं सांगून टाकतो. लाट म्हणून मला वर्कल्याची जास्त आवडली. पापनाशमचा मुख्य किनारा आंघोळीला आणि पितरांच्या विधींना आलेल्या लोकांनी भरलेला असतो, तिथे बोर्ड घेऊन लुडबुड करू नये. उत्तरेला ओदयम, एडवाकडे गेलात की लाटेला दम आहे. चुकलात तर ती तुम्हाला घुसळून काढते. मुल्कीला शांभवी नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत, त्यांच्यावर लाट आधीच फुटते आणि तुमच्याकडे येईपर्यंत बरीच शहाणी झालेली असते. हे दांडे पावसाळ्यात सरकतात, म्हणून गेल्या वर्षी कुणी सांगितलेली जागा यंदा तिथेच असेल असं समजू नका. जवळच्या ससिहित्लूला शांभवी आणि नंदिनी मिळून समुद्रात जातात. इंडियन ओपन ऑफ सर्फिंग ही स्पर्धा २०१६ मध्ये तिथेच झाली होती, तेव्हा मुल्कीची लाट म्हणजे निव्वळ बालवाडी असंही नाही.

वेळापत्रक दोन्हीकडे वारा ठरवतो. पहाटेचा मतलई वारा असेपर्यंत पाणी गुळगुळीत, नऊ-साडेनऊला खारा वारा सुटला की लाटांचा चुरा. सूर्य कलल्यावर वारा कधीकधी पडतो आणि तासभर पुन्हा संधी मिळते. नवशिक्याचा महिना खरं तर या दुसऱ्या तासावर सुधारतो. सकाळी केलेली चूक अंगात ताजी असते, ती त्याच दिवशी पुन्हा करून बघता येते.

आणि माझं वर्कल्याशी बिनसलं ते नेमकं इथे.

सगळे राहतात तसा मीही कड्यावर राहिलो. तांबड्या मातीचा तो उभा कडा, वर हॉटेलांची रांग, खाली समुद्र. फोटोत दिसतो त्याहून सुंदर आहे, उगाच का नावं ठेवू? पण खाली जायचं म्हणजे जिना. आठ फुटी फोमचा बोर्ड काखेत, पायांत ओल्या चपला, आणि वळणावर समोरून कुटुंब आलं की बोर्डाचं नाक कुणाच्या तरी पोटाच्या दिशेने. सकाळी उतरताना काही वाटत नाही. नऊला दंड संपलेले असताना चढताना वाटतं. पायऱ्या मी रोज मोजायचो आणि रोज वेगळा आकडा यायचा, यावरून दमणुकीचा अंदाज करा.

तरी जिना एकवेळ परवडला. खरी खोडी वरून दिसण्यात आहे. संध्याकाळी कड्यावर चहा घेऊन बसलं की अख्खं पाणी समोर पसरलेलं असतं, आणि एवढ्या उंचीवरून कुठलीही लाट गुडघ्याएवढी दिसते. "आज काही खास नाही" असं म्हणून मी दुसरा चहा सांगायचो. एकदा न राहवून उतरलो तर तीच गुडघ्याएवढी लाट माझ्या छातीपर्यंत आली. तीन आठवड्यांत संध्याकाळी पाण्यात गेलो चार वेळा. आळस माझाच, कबूल, पण त्या कड्याने तो फार लाडाने पोसला.

मुल्कीत खोलीतून समुद्र दिसतच नाही. नदी दिसते, माड दिसतात, पलीकडे कुठेतरी गाज ऐकू येते. लाट कशी आहे हे जाऊनच बघावं लागतं, आणि बोर्ड घेऊन वाळूपर्यंत पोचलेला माणूस सहसा परत फिरत नाही. बारा दिवसांत नऊ संध्याकाळी पाण्यात होतो. पाय फळीवर नीट पडायला लागले ते तिथेच.

बाकी मुल्कीत करायला काही नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. दहा वाजता बन्स (केळ्याच्या पुऱ्या) आणि गोळी बजे (मैद्याची भजी) खाऊन झाले की दिवस तुमच्या अंगावर येतो. मी लॅपटॉपवर काम करत होतो म्हणून निभावलं. गाव तुळूत बोलतं. घरमालकीण मात्र कोंकणी होत्या, मी मराठी दामटायचो आणि आमचं व्यवस्थित जमायचं. पहिल्या दिवशी मी खरचटलेलं कोपर घेऊन आलो तेव्हा त्यांनी हळद दाबली आणि जे काही बोलल्या त्यात "पिसो", म्हणजे वेडा, एवढा शब्द मला नक्की कळला.

सोबत सर्फ न करणारं कुणी असेल तर मात्र वाद नको, वर्कला. कॅफे आहेत, संध्याकाळ आहे, जनार्दनस्वामींचं देऊळ आहे. खोली कड्यावर न घेता ओदयमच्या खालच्या बाजूला घ्या, माझी निम्मी तक्रार तिथेच मिटेल. प्रवासातही फरक आहे. नेत्रावती एक्स्प्रेस वर्कल्याला दुसऱ्या संध्याकाळी सोडते, मत्स्यगंधा दुपारी कुर्ल्याहून निघून पहाटेच मुल्कीला. म्हणजे पहिलाच दिवस हातात.

बायकोचं मत वर्कल्याला आहे. मी ऑक्टोबरचं मत्स्यगंधाचं एक तिकीट काढून ठेवलंय, वेटिंग चौदा.