ग्रेटल: जिल्ह्यांच्या विकासदराचं मॉडेल करायचंय? आधी हे फुकटचं सॉफ्टवेअर घ्या

एमए आणि पीएचडीची पोरं जिल्हा उत्पन्नाचे आकडे घेऊन येतात आणि पहिला प्रश्न हाच असतो की सर कुठलं सॉफ्टवेअर घेऊ, पैसे नाहीत. माझं उत्तर बरीच वर्षं एकच आहे, ग्रेटल (gretl) टाका, म्हणजे आकडेवारीवरून मॉडेल बसवायचं सॉफ्टवेअर. एकदा नीट लिहून ठेवतो म्हणजे सगळ्यांना उपयोगी पडेल.

फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं, लॅबमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर सुद्धा. मूळ कोड रामू रामनाथन यांच्या ईएसएल या प्रोग्रॅममधून आला, ते सॅन डिएगोला कॅलिफोर्निया विद्यापीठात इकॉनॉमेट्रिक्स (अर्थशास्त्राच्या आकड्यांना संख्याशास्त्र लावायचं शास्त्र) शिकवायचे. पुढे अमेरिकेतले अ‍ॅलिन कॉट्रेल आणि इटलीतल्या अँकोनाचे रिकार्डो लुकेट्टी या दोन प्राध्यापकांनी ते वाढवलं आणि अजून वाढवतायत.

आता आपल्या कामाचं. महाराष्ट्रात 36 जिल्हे, अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्हानिहाय उत्पन्न काढतं, ते वार्षिक असतं, आणि 2011-12 बेस इयरची (आधार वर्षाची) सिरीज धरली तर हातात डझनभर वर्षं येतात. त्यात पालघर 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला म्हणजे जुन्या वर्षांशी जुळवायचं तर दोन्ही परत एकत्र करायचे. एक्सेलची फाइल ग्रेटल सरळ उघडतं, मग डेटासेट स्ट्रक्चरमध्ये जाऊन पॅनेल (अनेक जिल्हे, प्रत्येकाची अनेक वर्षं) आहे असं सांगायचं, जिल्ह्याचा कॉलम आणि वर्षाचा कॉलम दाखवायचा, झालं. व्हेरिएबलची नावं रोमन लिपीत आणि मध्ये स्पेस न देता ठेवा म्हणजे पुढे त्रास नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते किती डेटावर बोलतंय हे लपवत नाही. समजा एका जिल्ह्याची 12 वर्षं घेतली आणि शेती, उद्योग, सेवा अशा तीन सिरीजचं दोन लॅगचं व्हीएआर (प्रत्येक सिरीज तिन्हींच्या मागच्या दोन वर्षांच्या आकड्यांवरून सांगणारं मॉडेल) चालवलं, तर प्रत्येक समीकरणात कॉन्स्टंट धरून 7 कोइफिशियंट (डेटावरून काढायचे गुणक) होतात आणि लॅगमुळे दोन वर्षं गळून उरतात 10 निरीक्षणं. आउटपुटच्या वरच टी (निरीक्षणांची संख्या) बरोबर 10 असं छापून येतं. विद्यार्थ्याला तिथे बोट ठेवून दाखवता येतं की बाबा तीनच डिग्रीज ऑफ फ्रीडम उरल्यात (10 निरीक्षणं वजा 7 कोइफिशियंट), यावरून 2030 चा अंदाज सांगू नकोस. पाच दहा जिल्ह्यांचे असे फोरकास्ट रंगीत आलेखात टाकून रिपोर्ट बनवलेले मी बघितलेत, आणि त्यावर कोणी प्रश्नही विचारत नाही याचं खरंच वाईट वाटतं.

सिनॅरिओ, म्हणजे अमुक झालं तर काय होईल याचा अंदाज, कसा करायचा ते जरा सविस्तर सांगतो कारण तिथेच लोक अडतात. लातूरचं उदाहरण घ्या. समीकरणात शेतीच्या जीव्हीएची (सकल मूल्यवर्धनाची) वाढ डावीकडे, उजवीकडे पाऊस सरासरीच्या किती टक्के झाला ते, आणि आदल्या वर्षीचा पाऊस, एवढंच साधं रिग्रेशन. आता फोरकास्ट मागितला तर पुढच्या वर्षांच्या ओळीच नाहीत, म्हणून डेटा मेन्यूतून अ‍ॅड ऑब्झर्वेशन्स करून चार पाच वर्षं वाढवायची आणि पावसाच्या कॉलममध्ये पुढच्या वर्षांचे आकडे स्वतः भरायचे. एकदा सगळीकडे 100 भरा, हा झाला सरासरीचा सिनॅरिओ. दुसऱ्या वेळी पहिल्या दोन वर्षांत 2014 आणि 2015 चे खरे आकडे टाका, म्हणजे तो सलग दुष्काळ ज्यानंतर एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं. मग दोन्ही फोरकास्ट शेजारी ठेवा. गृहीतक काय आहे ते कॉलममध्ये डोळ्यासमोर दिसतं, कोणीही येऊन बदलून बघू शकतो, आणि मला वाटतं सिनॅरिओ या शब्दाला जागणारं काम हेच. नुसतं आशावादी, मध्यम, निराशावादी अशी तीन नावं देऊन 9, 7, 5 टक्के लिहिणं याला मी मॉडेलिंग म्हणणार नाही.

यात एक लक्षात ठेवा, आलेखात जो 95 टक्क्यांचा पट्टा येतो त्यात कोइफिशियंटची आणि एररची अनिश्चितता असते, तुम्ही भरलेल्या पावसाची नसते. म्हणजे खरी अनिश्चितता त्या पट्ट्यापेक्षा मोठी आहे, हे रिपोर्टमध्ये वाक्य लिहून सांगा.

राज्याची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन, म्हणजे एक लाख कोटी, डॉलरची करायच्या लक्ष्याचंच घ्या ना. 2024-25 चं राज्य उत्पन्न चालू किमतींना साधारण 45.3 लाख कोटी, डॉलर 85 रुपये धरला तर 85 लाख कोटींचं लक्ष्य. चालू किमतींची वाढ 12 टक्के राहिली तर साडेपाच वर्षं, 10 टक्क्यांना साडेसहाच्या पुढे, 8 टक्क्यांना आठच्या वर, आणि रुपया 90 ला धरला तर 10 टक्क्यांनाही सात वर्षं ओलांडतात. हे चक्रवाढीचं गणित आहे, त्याला सॉफ्टवेअर लागत नाही. मॉडेल लागतं ते 12 टक्के कुठून येणार हे सांगायला, कुठल्या जिल्ह्यातून, कुठल्या क्षेत्रातून.

पॅनेलमध्ये मागचे जिल्हे पुढच्यांना गाठतायत का हे तपासायचं असेल तर उजवीकडे आदल्या वर्षीचं उत्पन्न येतं आणि मग साधं फिक्स्ड इफेक्ट (प्रत्येक जिल्ह्याला स्वतःचा कॉन्स्टंट देणारं मॉडेल) चालत नाही, वर्षं कमी असली की कोइफिशियंट खाली ओढला जातो, अर्थतज्ज्ञ निकेलने 1981 मध्येच दाखवून दिलंय. त्यासाठी अरेलानो-बाँडची पद्धत ग्रेटलमध्ये तयार मिळते, तिचाच पुढचा प्रकार सिस्टिम जीएमएम सुद्धा. पण 35 जिल्ह्यांना इन्स्ट्रुमेंटची (या पद्धतीत आधाराला घेतलेल्या मागच्या वर्षांच्या आकड्यांची) संख्या आवरा, नाहीतर टेस्ट सगळ्या गोड निकाल देतात. 2020-21 या कोविडच्या वर्षासाठी डमी (त्या वर्षी 1, बाकी 0 असा कॉलम) टाकाच.

मोठी अडचण डेटाची, आणि ती कुठलंही सॉफ्टवेअर सोडवणार नाही. जिल्हा उत्पन्नातले बरेच आकडे, खास करून सेवा क्षेत्रातले, राज्याचा आकडा कामगारसंख्येसारख्या निर्देशकावरून जिल्ह्यांत वाटून काढलेले असतात. मग तुम्ही रोजगारावर रिग्रेशन लावलं आणि नातं भक्कम निघालं तर ते अर्थव्यवस्थेतलं नातं आहे की वाटपाच्या सूत्रातलं? हा प्रश्न व्हायव्हात नक्की विचारला जावा असं मला मनापासून वाटतं. मराठवाडा-विदर्भाच्या अनुशेषावर दांडेकर समितीपासून केळकर समितीपर्यंत एवढं काम झालं, त्या प्रश्नावर आज बोलायचं तर निदान आकडा कसा तयार झाला हे माहीत हवं.

कमी काय आहे तेही सांगतो. ईव्ह्यूज या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल ऑब्जेक्टच्या आत बेसलाइन आणि सिनॅरिओ वेगळे ठेवायची सोय आहे, व्हेरिएबल ओव्हरराइड करायचं आणि सोडवायचं, ग्रेटलमध्ये ते काम हाताने किंवा स्क्रिप्टने. अनेक समीकरणांची सिस्टिम आणि आयडेंटिटी (व्याख्येनेच खरी असलेली समीकरणं) लिहिता येतात, अर्थतज्ज्ञ क्लाइनचं मॉडेल उदाहरणात दिलेलंय ते बघून शिका, पण मेन्यूवर क्लिक करून सगळं होईल अशी अपेक्षा नको. त्यातल्या त्यात चांगलं म्हणजे मेन्यूतून केलेल्या कामाच्या कमांड लॉगमध्ये साठतात, तो उघडून कॉपी केला की स्क्रिप्टची अर्धी तयारी होते, माझ्या पोरांनी स्क्रिप्टिंग असंच शिकलं.

दुसरी उणीव शेजारपणाची. पुणे वाढलं की सातारा आणि अहिल्यानगरला काय होतं हे बघायचं तर स्पेशियल लॅग (शेजारच्या जिल्ह्यांच्या आकड्यांची सरासरी) लागतो आणि तो मेन्यूत नाही. त्यासाठी जिओडा किंवा आर (R) ही दुसरी फुकटची सॉफ्टवेअर घ्या, आर तर ग्रेटलच्या आतूनही चालवता येतं आणि डेटा आपोआप तिकडे जातो. नकाशे मात्र ग्रेटलमध्येच निघतात, जिल्ह्यांची शेपफाइल (सीमांच्या नकाशाची फाइल) असली की झालं, पण सीमा 2014 नंतरच्या आहेत ना हे आधी बघा, जुन्या फाइलमध्ये पालघर नसतो.