तळहातावरून पोटॅशियम मोजणारी कांडी

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये ‘मोफत संपूर्ण शरीर तपासणी’चं टेबल लागतं. लॅपटॉप, त्याला जोडलेली डबी आणि वायरीच्या टोकाला धातूची कांडी. नाव, वय, उंची, वजन भरून घेतात, कांडी मिनिटभर मुठीत धरायला लावतात आणि पानंच्या पानं अहवाल छापून देतात. पोटॅशियमसमोर ‘कमी’ असं हटकून असतं. रात्री पायात गोळे येतात का? थकवा वाटतो? साठीच्या माणसाला यातलं काहीतरी होतंच. मग टेबलाखालून भुकटीचा डबा निघतो: ‘नैसर्गिक पोटॅशियम, साइड इफेक्ट शून्य’.

पोटॅशियम तळहातावरून मोजता येत नाही. शरीरातलं सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तातलं मोजायचं तर शिरेतून रक्त काढून ‘सीरम इलेक्ट्रोलाइट्स’ ही रक्तातल्या क्षारांची तपासणी करावी लागते. लिटरला साधारण 3.5 ते 5 मिलीमोल हे नॉर्मल. नमुना काढताना तांबड्या पेशी फुटल्या तर लॅबचा आकडासुद्धा खोटाच वाढून येतो. तिथे कांडीची काय कथा! खात्री करायची असेल तर वेगळं नाव सांगा, वय वीस वर्षांनी कमी सांगा आणि तीच कांडी पुन्हा धरा. मग दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचा.

पैसे गेले ते गेले, खरा धोका डब्यात आहे. आत बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. शेतात टाकतात त्या म्युरेट ऑफ पोटॅशमधला क्षार हाच, फक्त शुद्ध केलेला. खाणीतून निघतो, त्या अर्थाने नैसर्गिकच म्हणायचा! त्याच्या 1 ग्रॅममध्ये सुमारे 520 मिलिग्रॅम पोटॅशियम. चमच्यात 5 ग्रॅम भुकटी बसली तर 2,600 मिलिग्रॅम, म्हणजे सहा केळ्यांइतकं, तेही पाण्यात विरघळून एका दमात पोटात.

धडधाकट मूत्रपिंडं जादाचं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतात. पण हा डबा घेतं कोण? बीपी आणि मधुमेहवाले. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधं पोटॅशियम बाहेर जाणं कमी करतात. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी चालू असेल तर मूत्रपिंडावर आणखी ताण. त्यात घरात ‘बीपीचं’ म्हणून आणलेलं लो सोडियम मीठ असतं, त्यातही पोटॅशियम क्लोराइडच. असं मीठ वापरा म्हणणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी 2025 च्या शिफारशीतून मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना वगळलं आहे.

पातळी 6 च्या वर गेली तरी कित्येकदा काहीच जाणवत नाही. जाणवलंच तर हातापायांतली शक्ती गेल्यासारखं वाटतं. म्हणजे ज्या थकव्यासाठी डबा घेतला, तोच वाढतो. विक्रेत्याला फोन केला की तो सांगतो, ‘अजून भरून निघालं नाही, दोन चमचे घ्या.’ या सगळ्या प्रकारातली सर्वांत घातक ओळ हीच. याच्या पुढची पायरी म्हणजे ठोक्यांची लय बिघडणं, आणि हृदय बंदही पडू शकतं.

डॉक्टर पोटॅशियमचं सिरप देतात, ते लघवीच्या गोळ्या किंवा जुलाबांमुळे पातळी खरोखर उतरल्यावर, मोजून, पाण्यात पातळ करून, आणि पुन्हा रक्त तपासतात. ते सिरप या लेखामुळे थांबवू नका.

भुकटी घेतली असेल तर आजच बंद करा, बीपीच्या गोळ्या मात्र आपणहून सोडू नका. डबा आणि चालू गोळ्यांची पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा. इलेक्ट्रोलाइट्स, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि ईसीजीबद्दल विचारा. धडधड, चक्कर किंवा पाय उचलेनासे झाले तर सोमवारची वाट न पाहता कॅज्युअल्टी गाठा.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आणि अन्न व औषध प्रशासन. डब्यावर एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक आहे का पाहा, फोटो काढा. पक्कं बिल सहसा देत नाहीत, म्हणून यूपीआयचा स्क्रीनशॉट ठेवा. आणि तो अहवाल रद्दीत घालू नका. पोटॅशियम ‘कमी’ असल्याचं त्यांनी लेखी दिलेलं तेवढंच असतं.