३४ भाग आणि मग खरंच संपते

एकदा लागलेली मालिका लेकरं दहावीला जाईस्तोवर चालते, अशी माझी सांगलीकडची समजूत. शारजात आमच्या खालच्या मजल्यावर लाहोरच्या बाजी (म्हणजे ताई) राहतात, त्यांनी ‘कभी मैं कभी तुम’ बघायला लावली आणि ती समजूत गेली. पाकिस्तानच्या एआरवाय डिजिटल वाहिनीवर २ जुलै २०२४ ला सुरू, ५ नोव्हेंबरला खलास. आठवड्याला दोन भाग. मी रात्री जेवताना यूट्यूबवर बघायचे, फुकटात.

शरजीनाचं लग्न थोरल्या अदीलशी ठरलेलं. तो ऐन वेळी श्रीमंत रुबाबकडे वळतो आणि शरजीनाच्या पदरात पडतो त्याचा धाकटा भाऊ मुस्तफा, दिवसभर व्हिडिओ गेम खेळणारा बेकार. मुस्तफाचं काम करणाऱ्या फहद मुस्तफाला मी ‘जीतो पाकिस्तान’ या गेम शोमध्ये ओरडून बक्षिसं वाटतानाच पाहिलेलं. चाळिशीचा बाप्या उडाणटप्पू पोरगा म्हणून पहिले दोन भाग घशाखाली उतरेना. मग दोघं घर सोडून गच्चीवरच्या बिऱ्हाडात जातात, तिथून मालिकेला रंग चढतो. पैशांची ओढाताण, त्यावरून अबोला, मग एकाच ताटात जेवण. शरजीना झालेली हानिया आमिर रडते तेव्हा नाकही लाल होतं. आपल्याकडच्या नायिका झोपेतही लिपस्टिक लावून असतात, म्हणून सांगितलं.

उर्दूची भीती नको, सासूचे टोमणे अगदी ओळखीचे आहेत. तक्रार एकच. शेवटच्या दहाएक भागांत गैरसमज रबरासारखे ताणलेत. दोघांनी पाच मिनिटं धड बोलून घेतलं असतं तर मी आठवडाभर आधी सुटले असते. बाजी तर सरळ म्हणतात, “‘तन्हाइयाँ’ हसीना आपाने १३ भागांत निपटवली होती.” ती १९८५ ची, पीटीव्हीची, लेखिका हसीना मोईन. तेव्हा एकच सरकारी वाहिनी होती. आता वाहिन्यांची झुंबड, वर यूट्यूबच्या व्ह्यूजचा हिशेब, मग ताणणारच.

आईला दाखवायची राहून गेली. पहलगामनंतर भारतात या वाहिन्यांचं यूट्यूब बंद झालं.

शेवटचा भाग पाकिस्तानात थिएटरांतही लागला होता. बाजींच्या बहिणीने लाहोरात तिकीट काढलं. बाजी फोनवर कडाडल्या, “रात्री फुकट येणार होता ना!”

बहीण म्हणाली, “घरी सासू शेजारी बसते, बाजी. रडायचं कुठे?”