पोटगी आणि जामीनकीसाठी वकील : काही महिन्यांनंतरचा अनुभव

नवऱ्याने यंत्रमागांसाठी सोसायटीतून घेतलेल्या कर्जाला मी जामीन राहिले होते. त्याने घटस्फोटाचा दावा घातला तेव्हा पोटगीपेक्षा त्या जामीनकीचीच धास्ती मला अधिक होती. बेळगावच्या वडगाव-शहापुरातल्या विणकर घरांतील बायकांना ही धास्ती वेगळी सांगायला नको. बेळगावच्या कौटुंबिक न्यायालयात काम चालवणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेले काही महिने माझे प्रकरण आहे.

घटस्फोटाचा हुकूम नवरा-बायकोला बांधतो, सोसायटीला नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असल्यामुळे लग्न मोडले तरी वसुलीची नोटीस माझ्या नावाने येऊ शकते. सोसायटी कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे, हेही त्यांनी आधी तपासले. कारण राज्यातील संस्थेचा वाद १९५९ च्या कर्नाटक सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७० खाली निबंधकाकडे जातो, तर बहुराज्य संस्थेचा लवादाकडे.

खरे कसब दिसले ते अंतरिम पोटगीच्या अर्जात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र द्यावे लागते. नवऱ्याने त्यात मिळकत तुटपुंजी आणि हप्ते भरमसाट दाखवले. वकीलबाईंनी शेडची वीजबिले आणि सुताच्या खरेदीच्या पावत्या मागवल्या. बिलांवरील युनिट पाहता माग बंद असल्याचे त्याचे म्हणणे टिकण्यासारखे नव्हते. मागांचे हप्ते म्हणजे स्वतःचीच मालमत्ता उभी करणे, ते वजा करून बायकोची पोटगी ठरवता येत नाही, असा युक्तिवाद त्यांनी केला आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मंजूर झाली.

पुढे मध्यस्थीत परस्परसंमतीचे ठरले. तेव्हा ‘कर्ज नवरा फेडेल’ एवढ्यावर न थांबता, हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खालील दुसऱ्या, म्हणजे घटस्फोट पक्का करणाऱ्या जबाबापूर्वी त्याने सोसायटीचा बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पुरते फिटल्याचा दाखला, आणावा किंवा सोसायटीच्या लेखी संमतीने दुसरा जामीनदार द्यावा, अशी अट त्यांनी घालून घेतली. माझ्या मते त्यांच्या फीचे चीज या एका अटीने झाले.

उणीव आहे ती भाषेची. कागद कन्नड किंवा इंग्रजीत असतात आणि सहीपूर्वी ते मराठीत समजावून सांगा, असे दरवेळी मलाच म्हणावे लागले; मराठी अशिलांच्या गावात हे आपणहून व्हायला हवे. फी टप्प्याटप्प्याने आणि पावतीनिशी घेतली जाते, टंकलेखन व नकलांचा खर्च वेगळा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो, हे त्यांनी स्वतःच फी सांगण्याआधी सांगितले, याचे मला फार अप्रूप वाटते.

बेबाकी दाखला अजून आलेला नाही. पहिल्या अर्जापासून अठरा महिन्यांची मुदत असल्याने घाई नाही, आणि तो हाती येईपर्यंत दुसरा जबाब द्यायचा नाही, यावर आम्ही दोघी ठाम आहोत.