मण्यांचा गरम आय मास्क: पापणीतल्या गाठीवर कितपत चालतो?

पापणीवर गाठ आली की डॉक्टर सांगतात, "दिवसातून तीन-चार वेळा शेका." किती गरम, किती वेळ आणि कशाने, हे विचारायचं राहून जातं. मग ओला रुमाल दोन मिनिटं डोळ्यावर धरायचा, तो गार झाला की बाजूला ठेवायचा, आणि महिन्याभराने म्हणायचं की शेकून काही फरक पडला नाही. मायक्रोवेव्हमध्ये तापवायचा मण्यांचा आय मास्क नेमकी हीच अडचण सोडवायला निघाला आहे. दोन डोळ्यांवर बसणारी कापडी पट्टी, आत बारीक मणी, मागे वेलक्रो किंवा इलॅस्टिक, एवढाच त्याचा पसारा. शेक द्यायचं काम तो रुमालापेक्षा कितीतरी चांगलं करतो, हे आधीच सांगून टाकतो. पण गाठ जाण्यासाठी शेकानंतर जे करावं लागतं ते मास्क करत नाही, आणि खोक्यावरही ते क्वचितच लिहिलेलं असतं.

मास्क कशासाठी वापरायचा हे कळायला पापणी आतून कशी असते ते माहीत हवं. प्रत्येक पापणीत तेलग्रंथींची एक ओळ असते, उभ्या नळ्या एकमेकींना खेटून लावाव्यात तशी. वरच्या पापणीत साधारण ३० ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३०. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. त्यांची तोंडं पापणीच्या कडेवर, केसांच्या मुळांच्या किंचित मागे उघडतात. आपण डोळे मिचकावतो तेव्हा त्यातून थोडंसं तेल बाहेर येतं आणि अश्रूंवर पसरून त्यांना लवकर सुकू देत नाही. हे तेल घट्ट झालं की तोंडाशी बूच बसतं. मागे तेल साचतं, ग्रंथी फुगते आणि शेवटी तेल आजूबाजूच्या पेशींमध्ये झिरपतं. शरीर त्याला परकी वस्तू समजून त्याच्याभोवती पेशींचा वेढा घालतं. तीच गाठ, म्हणजे कॅलेझिऑन. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ छोटी गार. बोटाखाली लागतेही तशीच, गोल आणि टणक.

रांजणवाडी वेगळी. ती जंतुसंसर्गाने होते, बहुधा पापणीच्या कडेवर येते, लाल होऊन ठसठसते, टोकाला पिवळा ठिपका धरते आणि साधारण आठवड्याभरात फुटून मोकळी होते. कॅलेझिऑन कडेपासून जरा आत असतं, सुरुवातीची सूज ओसरली की दुखत नाही, वरची त्वचा त्याच्यावरून सहज सरकते आणि ते आठवडेच्या आठवडे तिथेच बसून राहतं. पहिल्या चार-पाच दिवसांत दोन्ही सारखीच दिसू शकतात, पण शेक दोन्हींना चालतो, त्यामुळे तेव्हा गोंधळ झाला तरी बिघडत नाही. बिघडतं ते पुढे. थंड पडलेल्या गाठीवर महिनाभर अँटिबायोटिक थेंब घालत राहणारे बरेच असतात. त्या गाठीत मारण्यासारखे जंतू नसतात, साकळलेलं तेल आणि सुजलेल्या पेशी असतात. थेंबांनी ती विरघळत नाही.

आता मास्कचं खरं काम. निरोगी ग्रंथीतलं तेल अंगच्या उष्णतेलाच पातळ राहतं, अडलेल्या ग्रंथीतल्या तेलाला त्याहून जास्त ऊब लागते. पापणीच्या आतल्या बाजूला ४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान पोहोचावं, असं गणित आहे. मधे त्वचा आहे, स्नायू आहे आणि सतत वाहणारं रक्त ऊब पळवून नेत असतं. म्हणून बाहेरून ४२ ते ४५ अंश लागतात. त्याच्या वर गेलं की पापणीची त्वचा भाजू शकते, आणि ती अंगावरच्या सगळ्यात पातळ त्वचेपैकी एक आहे. या अरुंद पट्ट्यात साधारण आठ-दहा मिनिटं टिकून राहायचं असतं. ओला रुमाल दोनेक मिनिटांत त्याखाली उतरतो. रुमालानेच शेकायचं तर गरम पाण्याचं भांडं शेजारी ठेवून दर दोन मिनिटांनी रुमाल बदलावा लागतो. दिवसातून तीनदा हे करणारा माणूस विरळा. मण्यांचा मास्क इथे जिंकतो. चांगला मास्क एकदा तापवला की आठ-दहा मिनिटं उपयोगाची ऊब धरतो, आणि हात मोकळे राहतात.

अशा बहुतेक मास्कमधले मणी हवेतला ओलावा शोषून ठेवतात आणि तापल्यावर तो वाफेच्या रूपाने सोडतात. कोरड्या शेकापेक्षा हा ओलसर शेक त्वचेला सोसतो आणि कडेवरचा वाळलेला चिकटा सैल करतो. पण याच गुणातून वापरातली सगळ्यात मोठी चूकही जन्माला येते. मास्क लागोपाठ दोन-तीनदा तापवला की मणी कोरडे पडतात, मग तो नीट तापत नाही किंवा एखाद्याच ठिकाणी चटका देतो. दोन शेकांच्या मधे तो काही तास उघड्यावर पडू द्यायला हवा. प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवलेला मास्क हवेतून ओलावा घेणार कसा? दिवसातून चार शेक घ्यायचे तर सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र अशी विभागणी करा. तेवढं अंतर मण्यांना पुरतं.

तापवताना सोबतच्या कागदावरचे सेकंद हा अंदाज समजा. ७०० वॅटचा आणि १००० वॅटचा मायक्रोवेव्ह यांत तोच आकडा सारखा लागू होत नाही. पहिल्यांदा १५ सेकंदच द्या. मास्क फिरत्या ताटलीवर सपाट ठेवा, घडी करू नका, कारण घडीच्या आत उष्णता कोंडते. बाहेर काढल्यावर हलवून मणी सारखे करा, अर्धा मिनिट थांबा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला दहा सेकंद धरून बघा. हवाहवासा गरम वाटला तर बरोबर. हात मागे घ्यावासा वाटला तर थांबा. कमी वाटला तर आणखी ५ सेकंद, एका वेळी एवढेच. ज्यांना चेहऱ्यावर बधिरपणा आहे किंवा चटका लवकर कळत नाही, त्यांनी हा मास्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. डोळ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल तरी तेच. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढायच्या. लहान मुलाला मास्क बांधून ठेवू नका, मोठ्याने हाताने धरावा आणि आधी स्वतःच्या पापणीवर लावून बघावा.

विकत घेताना आम्ही चार गोष्टी बघू. पहिली, मणी शिवणीने वेगवेगळ्या कप्प्यांत अडवलेले आहेत का. एकच मोठा कप्पा असला की बसल्या बसल्या सगळे मणी खाली घसरतात आणि वरच्या पापणीवर नुसतं कापड उरतं. गाठ वरच्या पापणीत असेल तर असा मास्क बिनकामाचा. दुसरी, काढून धुता येईल असं आवरण. कडेवरचा चिकटा आणि मेकअप रोज त्याच कापडाला लागतात, आणि मणी भरलेली प्रत्येक पट्टी पाण्यात बुडवता येतेच असं नाही. तिसरी, वजन. जड मास्क बुबुळावर दाब देतो. चौथी, नाकाशी असलेली खाच. ती नसली तर आतल्या कोपऱ्याकडचा भाग उचललेला राहतो आणि तिथल्या ग्रंथींना शेक मिळत नाही. सुगंधी मास्क मात्र नकोच. सुजलेल्या पापणीला तेल आणि अत्तर सोसत नाही.

दहा मिनिटं झाली की मास्क काढून उठायचं आणि कामाला लागायचं, असं केलंत तर अर्धंच काम झालं. तेल आता पातळ झालंय, ते बाहेर काढायचं आहे. हात साबणाने धुवा. ऊब असेपर्यंत, म्हणजे पहिल्या एक-दोन मिनिटांतच, तर्जनीचा मऊ भाग गाठीच्या त्या बाजूला ठेवा जी पापणीच्या कडेपासून लांब आहे. वरच्या पापणीत गाठ असेल तर बोट खाली, पापणीच्या कडेकडे आणा. खालच्या पापणीत असेल तर वर, तिच्या कडेकडे. नळीच्या तळापासून तोंडाकडे. आडवं चोळू नका, कारण ग्रंथी उभ्या आहेत. दाब किती? टूथपेस्टची नळी शेवटची उरली की जितक्या हळू आणि सलग सरकवतो तितका. नजर उलट दिशेला ठेवली, म्हणजे वरच्या पापणीसाठी खाली बघितलं, तर पापणी ताणली जाते आणि बोट सरळ जातं. आठ-दहा वेळा पुरे. गाठ फोडायला जाऊ नका. ती आतल्या आत फुटली तर तेल आणखी पसरतं आणि सूज वाढते. मग कड ओल्या कापसाने किंवा पापणीच्या वाइपने केसांच्या मुळाशी पुसून घ्या. आरसा जवळ धरला तर कडेवर टूथपेस्टसारखी घट्ट पांढुरकी रेघ किंवा चमकणारा तेलाचा थेंब दिसेल. तेल निघायला लागलंय याची ती खूण.

शेकानंतर काही मिनिटं धूसर दिसू शकतं. तेल अश्रूंत मिसळतं आणि दाबाने बुबुळाच्या आकारात तात्पुरता फरक पडतो. म्हणून मास्क घट्ट आवळू नका, गरम डोळा चोळू नका आणि स्पष्ट दिसेपर्यंत गाडी चालवू नका.

बाकीचे पर्याय थोडक्यात. जेलचा मास्क लवकर गार होतो आणि जुना झाला की शिवणीपाशी गळतो, गार शेकाला तो बरा. धान्य भरलेली पट्टी ऊब चांगली धरते, पण ओलावा लागला की बुरशी येते आणि जास्त तापवली तर करपते. यूएसबीवर चालणारा इलेक्ट्रिक मास्क तापमान सारखं ठेवतो, हा मोठा फायदा. मात्र त्यात आकड्यात तापमान दाखवणारा आणि आपोआप बंद होणाराच घ्या, कारण काहींची सर्वांत वरची पायरीही ४० अंशांच्या पुढे जात नाही, आणि काही ४५ अंशांच्याही वर तापतात. मायक्रोवेव्ह नसलेल्यांसाठी तो पहिला पर्याय.

निकालाची अपेक्षा काय ठेवायची? नव्या, मऊ गाठीला दिवसातून दोन ते चार वेळा शेक आणि मालिश, सलग चार आठवडे. मधे दोन दिवस खाडा पडला की बूच पुन्हा घट्ट बसतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात नुसत्या गरम शेकाने सुमारे ४६ टक्के गाठी पूर्ण गेल्या, तर गाठीत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्यावर ८४ टक्के आणि छेद देऊन खरवडल्यावर ८७ टक्के. म्हणजे मास्क निम्म्याच्या जवळ लोकांना सुई-कात्रीपासून वाचवू शकतो, आणि त्याला जवळजवळ काही धोका नाही. दोन-तीन महिने जुनी, टणक गाठ मात्र तेलाची राहिलेली नसते, तिच्यात घट्ट ऊतक तयार झालेलं असतं. ती ऊबेने वितळत नाही. तिच्यासाठी नवा, अधिक महागडा मास्क घेणं हे पैसे पाण्यात घालणं आहे.

पुढचे दोन उपाय नेत्रतज्ज्ञाकडे होतात. इंजेक्शनमध्ये ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड थेट गाठीत देतात. सावळ्या त्वचेवर त्याने पांढरट डाग पडू शकतो, हे आधी विचारून घ्या. छेद देताना पापणीला भूल देतात, पापणी चिमट्यात उलटी करतात आणि आतल्या बाजूने उभा छेद देऊन गाठीतला गर खरवडतात. छेद उभा, कारण आडवा दिला तर शेजारच्या ग्रंथी कापल्या जातील. बाहेर टाका किंवा व्रण दिसत नाही. स्टेरॉइडचे थेंब मात्र स्वतःच्या मनाने घालू नका. त्यांनी डोळ्याचा दाब वाढू शकतो आणि कुणाला ते वेळेवर कळत नाही.

मास्क बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठायचे ते प्रसंग असे: पापणीची लाली गालाकडे किंवा भुवईकडे पसरते आहे, ताप आहे, डोळा हलवताना दुखतो, नजर कमी झाली आहे किंवा एकाची दोन चित्रं दिसत आहेत. हा पसरणारा संसर्ग असू शकतो. उतारवयात तीच गाठ त्याच जागी पुन्हा पुन्हा येत असेल किंवा त्या जागचे पापणीचे केस गळत असतील, तर तुकडा काढून तपासणी करूनच घ्या. तेलग्रंथीचा कर्करोग अगदी याच रूपात लपून येतो. लहान मुलाच्या वरच्या पापणीतली मोठी गाठही महिनोनमहिने वाट बघण्यासारखी नसते, कारण ती बुबुळ दाबून चष्म्याचा नंबर निर्माण करू शकते आणि त्या डोळ्याची नजर आळशी पडू शकते.

गाठ गेल्यावर मास्क कपाटात टाकू नका. ज्याच्या एका ग्रंथीत बूच बसलं, त्याच्या शेजारच्या ग्रंथीही बहुधा सुस्तच असतात. पापण्यांना कोंडा असेल किंवा चेहऱ्यावर रोझेशिया (गाल-नाक लाल राहण्याचा त्वचाविकार) असेल तर आणखीनच. दिवसातून एकदा, रात्री, दहा मिनिटं शेक आणि कड पुसणं चालू ठेवा. मास्कला जळका वास यायला लागला, मणी शिवणीतून झिरपायला लागले किंवा कापडावर तपकिरी डाग दिसला, तर तो फेकून नवा घ्या.